दुकानातला २०१२ चा डेस्कटॉप: विंडोज ७ वरून पुढे कुठे जावं?

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. आमचं चोपड्याला खतं-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानात २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप आहे आणि आता त्याच्याबद्दल निर्णय घ्यायची वेळ आली आहे. तपशील असा: आय-३ २१०० प्रोसेसर, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्ती. सोबत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, तोही जुन्या रुंद पिनांच्या पोर्टवर.

अडचण इंटरनेटची आहे. क्रोम १०९ वर येऊन थांबलं आहे, त्यापुढे अपडेट होत नाही. बँकेची साइट "ब्राउझर जुना आहे" म्हणून आत घेत नाही, जीएसटीचं रिटर्न भरायला मला घरी लॅपटॉपवर बसावं लागतं. सीएंच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो, भंगारात काढा आणि नवीन घ्या.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर डॉसवरच्या (विंडोजच्या आधीची जुनी सिस्टिम) फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममधलं आहे. २००४ साली जळगावच्या एका मुलाने करून दिलं होतं, जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये त्यानेच बदल करून दिले. आता तो या धंद्यात नाही. वडील, म्हणजे आमचे नाना, ७१ वर्षांचे आहेत. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, एफ-२ दाबलं की नवीन बिल, एफ-५ ला उधारीचं खातं. त्यांच्या बोटांना ते सगळं पाठ आहे, कीबोर्डकडे बघतही नाहीत. शेतकऱ्यांची उधारी कापूस विकला की येते, केळीचा माल गेला की येते, कधी दोन हंगाम थांबून येते. २००४ पासूनची ती सगळी खाती याच मशीनवर आहेत.

खतविक्रीचं पॉस मशीन वेगळं आहे, त्याचा इथे संबंध नाही.

विंडोज १० टाकू, ११ टाकू, की नवीन घेऊ? खरिपाची गर्दी मे महिन्यात सुरू होते, त्याच्या आत हे मार्गी लागलं पाहिजे. आणि नानांचं बिलिंग एक दिवससुद्धा बंद पडता कामा नये.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, १३-१४ वर्षांचं मशीन झालं. त्यात पैसे घालण्यापेक्षा रिफर्बिश्ड ऑफिस डेस्कटॉप घ्या. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी मशीनं बदलतात, ती स्वच्छ करून विकायला येतात. माझ्या भावाने गेल्या वर्षी घेतलं, उत्तम चाललं आहे.

एकच काळजी घ्या. दुकानदार नुसतं "आय-फाइव्ह आहे" म्हणेल, तेवढ्यावर जाऊ नका. आय-५ नंतरचा आकडा विचारा. ८५०० असेल तर आठवी पिढी, विंडोज ११ अधिकृतपणे चालणार. ६५०० असेल तर सहावी, ती विंडोज ११ च्या यादीत नाही. नावात दोन्ही आय-५, पण फरक जमीन-अस्मानाचा.

जंक्शनवाला (भुसावळ)

थांबा थांबा. नवीन घ्या, जुनं घ्या, ते नंतर बघू. डॉसचं फॉक्सप्रो म्हटल्यावर एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर नवीन मशीन आणाल आणि नानांचा पडदा उघडणारच नाही.

मी १९९८ पासून हार्डवेअरचं काम करतो. डॉसचे प्रोग्राम विंडोजमध्ये चालतात ते एका आतल्या सोयीमुळे, आणि ती सोय फक्त ३२-बिट विंडोजमध्ये असते. तुमचं विंडोज ७ ३२-बिट आहे, म्हणून आजवर चाललं. ६४-बिट विंडोजवर, मग ते ७ असो, १० असो की ११, तो प्रोग्राम थेट उघडत नाही. विंडोज ११ ची तर ३२-बिट आवृत्तीच निघाली नाही. म्हणजे पांझराकाठ भाऊंच्या सल्ल्याने मशीन आणलं तर इंटरनेट झकास चालेल, पण बिलासाठी वेगळा उपाय करावाच लागेल. उपाय आहे, सांगतो. पण त्याआधी दोन प्रश्न:

सकाळी मशीन चालू करता तेव्हा खाली उजव्या कोपऱ्यात तारीख बरोबर असते का?

आणि बिलिंगचा बॅकअप कुठे घेता?

पुण्यातला जळगावकर

जंक्शनवाला काका बोलले ते अगदी बरोबर. मी विंडोजचं सध्याचं चित्र मांडतो, म्हणजे सगळ्यांना एकाच पानावरून बोलता येईल.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट देणं बंद केलं. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० वी आवृत्ती काढली तेव्हा ७ आणि ८.१ दोन्ही सोडून दिले, म्हणून तुमचं १०९ वर अडकलं. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांच्याकडे आधीपासून १० आहे त्यांना एक वर्षाची जोड मिळते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. विंडोज ७ च्या परवान्याच्या किल्लीवर १० फुकट चालू व्हायचं, तो रस्ता मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. कॅबिनेटवर विंडोज ७ चं स्टिकर असेल तरी आता ते उपयोगाचं नाही. म्हणजे १० टाकायचं तर परवान्याचा प्रश्न, आणि मुदत संपलेल्या सिस्टिमसाठी पैसे घालणं मला पटत नाही. "अ‍ॅक्टिव्हेट करून देतो" म्हणणारा कुणीतरी भेटेलच. दुकानाची उधारी आणि बँकेचं लॉगिन ज्या मशीनवर आहे त्यावर कुठूनतरी उतरवलेला अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे विनापरवाना विंडोज चालू करणारा प्रोग्राम, चालवू नका. हे मी कळकळीने सांगतो.

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. तुमचा आय-३ २१०० दुसऱ्या पिढीचा. रूफस नावाच्या साधनाने पेन ड्राइव्ह बनवताना या अटी वगळता येतात आणि ११ बसतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हातानेच टाकावी लागते. घरी हौसेने करायला ठीक. दुकानात, ऐन पेरणीच्या तोंडावर, मी करणार नाही.

तापीकाठ (चोपडा)

काका, तारखेचं तुम्ही कसं ओळखलं? रोज सकाळी तारीख १ जानेवारी २०११ असते. नाना आधी तारीख बदलतात आणि मगच बिलिंग उघडतात. दोन-अडीच वर्षं हेच चालू आहे. आम्हाला वाटलं मशीन म्हातारं झालं.

बॅकअप आहे. सॉफ्टवेअरमध्येच बॅकअपचा पर्याय आहे, नाना रोज रात्री न चुकता घेतात. तो डी ड्राइव्हमध्ये जातो.

जंक्शनवाला (भुसावळ)

तारखेचं सोपं आहे. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की मुख्य वीज बंद झाल्यावर घड्याळ मागे जातं. आणि तारीख चुकली की बँकेसारख्या साइट्स "कनेक्शन सुरक्षित नाही" असं म्हणतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत मशीनच्या तारखेवरून तपासली जाते. आपल्याकडे वीज सारखी जाते-येते, रात्री मेन स्विच बंद करून दुकान लावतात, त्यामुळे हे सेल लवकर बसतात. गिऱ्हाईक मशीन बदलायला येतं आणि मी सेल बदलून परत पाठवतो, असं कितीदा झालं आहे. आजच बदला.

आता डी ड्राइव्ह. भाऊ, राग मानू नका, पण हा बॅकअप नाही. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन खणं आहेत. कपाटच जळालं तर दोन्ही खण गेले.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे वरणगावकडचे एक दूधवाले काका आले. मशीन हळू चालतं म्हणून त्यांनी एका ठिकाणी दाखवलं, तिथल्या मुलाने न विचारता फॉरमॅट मारला आणि सी-डी एक करून नवीन विंडोज टाकून दिलं. डी मध्ये नऊ वर्षांचा हिशोब होता. काका माझ्यासमोर बसले होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, "पण मी तर रोज बॅकअप घ्यायचो." रिकव्हरीच्या साधनाने थोडंफार निघालं, बरंचसं वर नवीन लिहिलं गेल्यामुळे गेलं ते गेलंच.

तेव्हा आधी हे करा. दोन पेन ड्राइव्ह घ्या. बिलिंगचं अख्खं फोल्डर दोन्हीवर कॉपी करा, निवडून फाइली घेऊ नका. डीबीएफ फाइलींमध्ये तुमचा माल आहे. त्यांच्याबरोबर त्याच नावाच्या एफपीटी असतील तर त्यात लांब नोंदी असतात, एक राहिली तर दुसरी उघडत नाही. कॉपी झाल्यावर घरच्या लॅपटॉपवर लिबरऑफिसमध्ये एखादी डीबीएफ उघडून नावं आणि आकडे दिसतात का बघा. बघून बंद करा, सेव्ह करू नका. एक ड्राइव्ह दुकानात, एक घरी.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं साधन टाका आणि डिस्कची तब्येत काय दाखवतं ते इथे सांगा. निळं असेल तर बरं.

पांझराकाठ (धुळे)

मानलं काका. डॉसचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. तापीकाठ भाऊ, आता आपल्या अहिराणी बोलीत सांगतो: कसाले घाई करस? पहिले बठ्ठा डाटा संभाळ, मग मशीनकडे दख.

सेवाकेंद्र यावल

माझाही अनुभव सांगतो, कारण पुढे कुणीतरी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टिम सुचवेल. माझं सेवा केंद्र आहे. आधारच्या बोटांच्या ठशाचं यंत्र, ते चालवणारा आरडी सर्व्हिस हा प्रोग्राम, डिजिटल सहीचं टोकन, हे सगळं मी विंडोजवरच नीट चालताना पाहिलं आहे. मी सहा महिने जुन्या मशीनवर लिनक्स ठेवून बघितलं, ब्राउझरचं काम छान, पण ठशाच्या यंत्राशी जमलं नाही. शेवटी आठव्या पिढीचं रिफर्बिश्ड घेतलं आणि ११ टाकलं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम बंद होतं, इंटेलच्या मशीनवर त्याला पीटीटी म्हणतात, ते चालू केल्यावर इन्स्टॉल झालं. ज्याचं काम अशा यंत्रांवर आहे त्याने विंडोजच धरावं.

तुमच्या दुकानात डिजिटल सहीचं टोकन किंवा ठशाचं यंत्र आहे का?

तापीकाठ (चोपडा)

नाही भाऊ. जीएसटी आम्ही ओटीपीने करतो, सही-टोकन सीएंकडे आहे. दुकानात फक्त बिलिंग, बँक, जीएसटी, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि कंपन्यांचे ईमेल.

सेल बदलला. नानांनी सकाळी मशीन चालू केलं, तारीख बरोबर आली. ते दोन मिनिटं तारखेकडेच बघत होते.

क्रिस्टलडिस्कइन्फो मात्र पिवळं दाखवतंय. "सावध" असं लिहिलं आहे. रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कच्या खराब जागांच्या, या दोन ओळी पिवळ्या आहेत. आणि बिलिंगचं फोल्डर कॉपी करताना एका जागी अर्धा तास अडकलं, मग वाचता येत नाही म्हणून थांबलं. २००९-१० च्या वर्षाचं फोल्डर आहे ते. आता काय करू? चेकडिस्क चालवू का?

जंक्शनवाला (भुसावळ)

चेकडिस्क चालवू नका! मशीन बंद करा. चालू ठेवाल तेवढी डिस्क आणखी खराब होत जाईल. चेकडिस्क फाइल-सिस्टिम दुरुस्त करते, तुमच्या नोंदी वाचवणं हे तिचं काम नाही. वाचता न येणारा भाग ती सरळ तोडून टाकू शकते.

नानांच्या आजच्या बिलांचं काय? चालू वर्षाचं फोल्डर कॉपी झालं का?

तापीकाठ (चोपडा)

चालू वर्षाचं झालं, लॅपटॉपवर उघडून पाहिलं, कालचं शेवटचं बिलसुद्धा आहे. मशीन बंद केलं. नाना आज वहीत लिहित आहेत. म्हणाले, "२००४ च्या आधी काय मशीन होतं का?" पण दुपारी एक जण २०१० पासूनच्या खात्याचा विषय घेऊन आला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला.

सातपुड्याची पायवाट (शहादा)

दादा, धीर धरा. जुन्या डिस्कवरून माहिती काढायला ज्या साधनाची गरज आहे ते लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या पेन ड्राइव्हवरून चालवता येतं. मी शिक्षिका आहे, आमच्या शाळेतल्या देणगीत मिळालेल्या मशीनवर आम्ही मिंटच वापरतो, म्हणून थोडं हाताळलं आहे.

मिंट इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून नुसतं चालू करता येतं. त्यात डीडीरेस्क्यू नावाची कमांड टाकून घ्यायची. तिचं काम असं: पहिल्या फेरीत जेवढं सहज वाचता येतं तेवढं ती उचलते, अडलेली जागा सोडून पुढे जाते आणि कुठे अडलं त्याची नोंद एका फाइलमध्ये ठेवते. नंतर फक्त त्या अडलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. मध्ये वीज गेली तरी ती नोंद एखाद्या डिस्कवर जपून ठेवलेली असेल तर पुढे सुरू करता येतं. आपल्याकडे हे फार कामाचं. पूर्ण डिस्कची प्रत नवीन डिस्कवर उतरवा आणि पुढची सगळी कामं त्या प्रतीवर करा. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नको. आणि कुठली डिस्क मूळ, कुठली नवी, हे एंटर दाबण्याआधी तीनदा वाचा. उलट झालं तर कोरी डिस्क तुमच्या माहितीवर उतरेल.

आणि काका, मला वाटतं दादांच्या कामाला मिंटच योग्य आहे. सेवाकेंद्रवाल्या भाऊंसारखी यंत्रं त्यांच्याकडे नाहीत. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेणार आहे, परवान्याचा प्रश्न नाही, आणि त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीवरसुद्धा चालते.

जंक्शनवाला (भुसावळ)

ताई, तुमच्याशी मी पूर्ण सहमत. सुरुवातीला लिनक्सचं नाव मी मुद्दाम काढलं नाही, कारण टाकून दिल्यावर पुढे कुणी बघत नाही आणि गिऱ्हाईक अडकतं. इथे तापीकाठ भाऊ स्वतः शिकायला तयार दिसतात.

तर ऐका भाऊ, उपाय म्हणालो होतो तो असा. डॉसबॉक्स-एक्स नावाचा प्रोग्राम मशीनमध्येच एक जुना डॉसचा संगणक उभा करतो. विंडोज ११ वर चालतो, मिंटवर चालतो. त्याच्या आत नानांचं फॉक्सप्रो जसंच्या तसं उघडतं. म्हणजे खालचं मशीन किंवा सिस्टिम पुढे कधी बदलली तरी नानांचा पडदा तोच.

सामान: २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी, ४ जीबी डीडीआर-३ ची जुनी रॅम पट्टी, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट. एच ६१ वर डिस्क जोडायचे जुने, कमी वेगाचे साटा-२ पोर्ट आहेत, म्हणून एसएसडी पूर्ण वेगाने चालणार नाही. तरी चिंता नको. हार्ड डिस्क मंद वाटते ती काटा इकडून तिकडे फिरण्यात, एसएसडीत काटाच नाही. डीडीरेस्क्यूच्या प्रतीसाठी १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या, ती पुढे बॅकअपला उपयोगी पडेल.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मध्येच विचारतो, माफ करा. माझं लग्नपत्रिकांचं काम आहे. जुन्या मराठी फॉन्टमधल्या शेकडो फाइली आहेत. मिंटवर गेलो तर त्या उघडतील का?

सातपुड्याची पायवाट (शहादा)

जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्टची फाइल नव्या मशीनवर टाकली तर साधे दस्तऐवज वाचता येतील, नाहीतर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. पण तुमचं काम पत्रिकांच्या मांडणीचं आहे, त्याची सॉफ्टवेअर विंडोजची, काहींना डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्लीही लागते. तुम्ही विंडोज सोडू नका. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच टाइप करायला घ्या, इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज आणि मिंट दोन्हीकडे सारखाच आहे.

तापीकाठ (चोपडा)

रविवारचा पूर्ण दिवस यात गेला. सविस्तर लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल.

डीडीरेस्क्यू शनिवारी संध्याकाळी लावलं. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळं आलं. रात्री सव्वाअकराला वीज गेली, पाऊण तासाने आली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तीच कमांड पुन्हा दिली आणि होतं तिथून पुढे सुरू झालं. पहाटेपर्यंत अडलेल्या जागा कमी कमी होत गेल्या. २००९-१० च्या फोल्डरमधली फक्त एक फाइल शेवटपर्यंत आली नाही, तिच्या नावापुढे आयडीएक्स होतं. मी घाबरून जंक्शनवाला काकांना निरोप टाकला. ते म्हणाले, ती अनुक्रमणिका आहे. पुस्तक शाबूत आहे, अनुक्रमणिका पुन्हा बनते. बिलिंगमध्ये "रिइंडेक्स"चा पर्याय आहे, वीज जाऊन खाती उघडेनाशी झाली की नाना तोच दाबतात. तोच दाबला आणि २००९ चं वर्ष उघडलं.

मग मशीन उघडलं. आत काय होतं ते सांगतो. प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीत धूळ इतकी बसली होती की नमद्यासारखी अखंड पट्टी चिमट्याने उचलून निघाली. तिच्यात भुशासारखे बारीक कण होते, बियाण्याच्या पोत्यांचे. थर्मल पेस्ट खडूसारखी वाळून भुगा झालेली. आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि हे मशीन त्या अवस्थेत चालत होतं. ब्रशने आणि ब्लोअरने साफ केलं, नवीन पेस्ट लावली, रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसले. एसएसडी कॅबिनेटमध्ये बसवायला पट्टी नव्हती, दुहेरी चिकटपट्टीने बसवली.

मिंट आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिलं. आवाज, नेट, प्रिंटर तपासलं आणि मगच एसएसडीवर टाकलं. जुनी डिस्क त्या वेळी काढून ठेवली होती, म्हणजे चुकून तिच्यावर काही जायला नको.

प्रिंटरने दमवलं. डॉसबॉक्स-एक्सच्या सेटिंगमध्ये पॅरलल पोर्टचं (तेच जुनं रुंद पिनांचं पोर्ट) छापील काम एका फाइलमध्ये पडेल असं सांगता येतं, आणि ती फाइल मिंटच्या छपाई यंत्रणेकडे "रॉ" पर्यायाने पाठवली की डॉट मॅट्रिक्स जशीच्या तशी छापतो. पहिल्यांदा मी "रॉ" विसरलो, तर पानभर मोठ्या अक्षरात तिसऱ्याच जागी बिल आलं. पुण्यातल्या भाऊंनी फोनवर समजावलं तेव्हा जमलं.

सेल, एसएसडी, रॅम आणि पेस्ट मिळून चार हजारांच्या आत झालं. बाहेरची डिस्क वेगळी.

पुण्यातला जळगावकर

छान झालं. एक राहिलं: मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे, त्यात सिस्टिमची प्रत रोज घ्यायला लावा. बिलिंगच्या फोल्डरसाठी वेगळं ठेवा, रात्री दुकान बंद करताना बाहेरच्या डिस्कवर जाईल असं. टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं, तुमची खाती सांभाळणं त्याचं काम नाही, यात गल्लत करू नका.

सेवाकेंद्र यावल

आणि यूपीएसची बॅटरी बघा. तीन वर्षं झाली असतील तर बदला. रिइंडेक्स करावं लागणारच नाही.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, नाना काय म्हने? ते सांगजो आधी!

तापीकाठ (चोपडा)

सोमवारी सकाळी नाना गल्ल्यावर बसले. मी काही बोललो नाही, बाजूला पोती मोजत उभा राहिलो. त्यांनी मशीन चालू केलं आणि सवयीने पाणी प्यायला उठले, कारण आधी चालू व्हायला तेवढा वेळ लागायचा. परत फिरले तर पडदा तयार होता. बिलिंगच्या खुणेवर दोनदा दाबलं, निळा पडदा आला. पूर्ण पडदाभर.

हे मला आधी लक्षातच आलं नव्हतं. विंडोज ७ आल्यापासून त्यांचं बिलिंग छोट्या चौकटीत उघडायचं, पूर्ण पडद्यावर व्हायचंच नाही. इतकी वर्षं ते डोळे बारीक करून त्या चौकटीत वाचत होते. कधी बोलले नाहीत. आता अक्षरं बोटभर मोठी. त्यांनी चष्मा वर सरकवला, खाली घेतला, पुन्हा वर सरकवला. मग एफ-२ दाबलं.

पहिलं बिल हरभऱ्याच्या फवारणीच्या औषधाचं होतं. प्रिंटर खरखरला, कार्बनखालची प्रतही स्वच्छ आली. नानांनी बिल फाडून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, आणि मला म्हणाले, "२००९ चं पाटलांचं खातं काढून दाखव." काढलं. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

बँक आणि जीएसटी आता मी दुपारच्या निवांत वेळात दुकानातच करतो. यूपीएसची बॅटरी काल बदलली.

जंक्शनवाला (भुसावळ)

उत्तम. डोळ्यात पाणी आलं भाऊ. जुनी हार्ड डिस्क टाकून देऊ नका, विकू तर अजिबात नका, तिच्यात गावाची उधारी आहे. तारीख लिहून कोरड्या जागी ठेवा.

सातपुड्याची पायवाट (शहादा)

दादा, डॉसबॉक्स-एक्सची तुमची सेटिंग इथे एकदा लिहून ठेवाल का? आमच्या गावातल्या एका आडत दुकानात असंच फॉक्सप्रो आहे, त्यांना दाखवते.

तापीकाठ (चोपडा)

ताई, रात्री दुकान बंद केल्यावर नीट टाइप करून टाकतो, प्रिंटरच्या ओळीसकट.

काका, डिस्कवर चिठ्ठी चिकटवली: "जुनी डिस्क, १८ जानेवारी २०२६, पुसू नये." नानांनी ती लाल फडक्यात गुंडाळून लक्ष्मीपूजनाच्या वह्यांशेजारी ठेवली आहे.